बूटपॉलिशची तीट
बूटपॉलिशचा वास आला की मला कराडच्या स्टँडजवळचं इंटरनेट कॅफे आठवतं. नवरा सीमेवर होता, लेकीला त्यानं अजून पाहिलंही नव्हतं. तिच्या बारशाचे फोटो ईमेलनं पाठवायला मी सासूबाईंना घेऊन गेले होते. स्क्रीनवर बाळ दिसताच त्या ओरडल्या, "थांब गं! तीट लावल्याबिगर धाडू नगं, वाटंत कुणाची नजर लागंल!" आणि आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन त्यांनी काचेवरच्या गालाला लावलं. कॅफेवाला बघतच राहिला. मी तेही नवऱ्याला लिहून टाकलं. त्याचं उत्तर आलं, "आईला सांग, तीट हितवर पोचली न्हाई. काजळ कुठलं हितं? मी बूटपॉलिशची लावली." आज तीच लेक आपल्या पोलिसातल्या नोकरीचे बूट चमकवत बसली होती. मी गुपचूप डबीत बोट बुडवलं आणि तिच्या कानामागं टेकवलं.