सरांचं ‘गो ऑन’

दानीएल सरांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. कोल्हारच्या शाळेत उभी हयात इंग्रजी शिकवलेल्या माणसाच्या तोंडात दोनच शब्द उरले, ‘गो ऑन’. वर्गात कुणी धडा वाचताना अडखळलं की सर म्हणायचे, ‘गो ऑन’, वाच पुढे. तेवढंच जिभेवर राहिलं.

मरियमला इंग्रजी बेताचंच. नवऱ्याच्या उशाशी बसून ती त्या दोन शब्दांचे अर्थ लावत गेली. हळू, लांबवून म्हटलं तर पाणी. भुवया चढवून म्हटलं तर बाहेर काय चाललंय? गेलेली वीज आली की बल्बकडे बघून ‘गो ऑन’. घरी आलेल्या चर्चच्या पाळकांची प्रार्थना लांबली की आठ्या घालून ‘गो ऑन’, म्हणजे हे कुठवर बोलत बसणार! तेव्हा तिला हसू आवरायचं नाही.

पण दिवस कलला की सर वेगळ्याच सुरात सुरू व्हायचे. पाणी देऊन व्हायचं, उशी बदलून व्हायची, पंखा लावून व्हायचा. सर मान हलवायचे आणि पुन्हा तेच. एकदा मरियमचा तोल सुटला.

“अहो, काय सारखं गो ऑन? अजून काय करायचं राहिलंय माझं?”

ती पायरीवर जाऊन बसली. आतला आवाज थांबला. ती शांतता तिला बरी वाटली आणि बरी वाटल्याची लाजही वाटली.

तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. नगरची बहीण एस्तेर मागे लागली होती, “ये गं, ऑपरेशन उरकून टाकू.”

“आणि ह्यांचं बोलणं कुणाला कळणार?” मरियम दर वेळी म्हणायची.

मग एका सकाळी तिच्या हातात भलतीच गोळी आली. सरांनी ओठ घट्ट मिटून घेतले म्हणून निभावलं. ती हादरली. शेजारच्या रतनबाईला बसवून तिनं सरांचे सगळे सूर समजावले आणि नगरची एसटी धरली.

काळा चष्मा लावून ती परतली तेव्हा रतनबाई खाटेशेजारी शेंगा सोलत होती. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुना भांडल्या, सगळं सांगणं चाललं होतं. ती दम घ्यायला थांबली.

“गो ऑन,” सर म्हणाले. तोच कलत्या दिवसाचा सूर.

मरियम दारातच थबकली. “रतनबाई, काय हवंय त्यांना?”

“काय न्हाई वो. मी गप बसले की म्हणत्यात. बोलत ऱ्हा, म्हणत्यात.”

मरियम खुर्चीवर टेकली. आजारपण आल्यापासून तिनं सरांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. गप्पा मारायला म्हणून आपण कधी बसलो, हे तिला आठवेना. आठवायचंही त्राण नव्हतं.

रतनबाई गेली. मरियमनं खुर्ची खाटेजवळ ओढली.

“एस्तेरचा जिना फार उंच आहे हो,” ती म्हणाली. “गुडघे भरून आले. डॉक्टरीणबाई तर एवढीशी, आपल्या नातीएवढी. मला म्हणाली, आजी, घाबरू नका. मी म्हटलं...”

काय म्हटलं ते सांगायच्या आधीच तिचे डोळे मिटले, मान कलली. सर तिच्याकडे बघत राहिले. या वेळी ते काही बोलले नाहीत.