टेकूमामांचे ओटे

टेकूमामा बसले नाहीत असा एकही ओटा आमच्या भवानी पेठेत नसेल. चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा धिप्पाड माणूस चार पावलं चालला की "जरा टेकू की" म्हणत कुणाच्याही दारात बसायचा. घरातलं कुणीतरी पाणी आणायचं, मूठभर शेंगा पुढं ठेवायचं. मला वाटे, स्वारी आळशी आहे. त्यांना वर्षानुवर्षं अँजायना, म्हणजे चालताना छातीत कळ येण्याचा हृदयविकार, आहे, हे मला स्वतःला तो झाल्यावर कळलं.

माझ्या छातीत पहिली कळ आली आणि घरानं माझी काचेची बरणी करून टाकली. डॉक्टरांनी औषधं दिली, हळूहळू चालत राहा म्हणाले. मुलगा मात्र पाण्याची कळशीही उचलू देईना. पण त्याला का नावं ठेवू? भीती माझीच मोठी होती. जन्मभर शाळेत पोरांना धाकात ठेवलेली मी, आता उंबरा ओलांडायला घाबरत होते. वळसंगला माझी थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. महिन्यातून एकदा एसटीनं एकटी तिच्याकडे जायचे, ते बंद पडलं. फोनवर ती विचारायची, "कधी येतीस गं?" मी विषय बदलायचे.

एकदा मामा आमच्याच पायरीवर टेकले. म्हणाले, "बाई, ती जिभेखालची गोळी कुटं ठिवलीय?"

"कपाटात. बांगड्यांच्या डब्यात. जपून ठेवलीय, कुलूप लावून."

मामा ठसका लागेपर्यंत हसले. "दुखणं किल्ली सापडंस्तवर थांबतंय व्हय?"

गोळी त्याच दिवशी कमरेच्या पिशवीत आली, आणि डॉक्टरांना विचारून आमचं फिरणं सुरू झालं. जेवणावर चालायचं नाही, घाई करायची नाही, दम लागायच्या आत बसायचं. परक्याच्या ओट्यावर बसायची मला लाज वाटे. "लोक काय म्हणतील, मामा?" तर म्हणायचे, "म्हणू द्या की. पाणी तर देत्यात." मी स्वतःला पेशंट म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "पेशंट दवाखान्यात. हितं तुमी बाई."

एके सकाळी किराणा दुकानापाशी खरोखरच कळ आली. वाटलं, आटोपलं आता. मामांनी बाकावर बसवलं, गोळी जिभेखाली ठेवायला लावली. दुकानदाराला हळूच रिक्षा थांबवून ठेवायला सांगितलं आणि मला आंबट ताकाची कढी कशी करावी ते ऐकवत बसले. कळ ओसरली.

"मला फार भीती वाटते हो," मी म्हणाले.

"मग भ्या की. मी बी भितो. पण बसून भ्यायचं."

डॉक्टरांनी औषध थोडं बदललं. चालणं सुरूच राहिलं, आणि एक दिवस मी वळसंगच्या एसटीत चढले. मामा स्टँडवर सोडायला आले होते. तुम्हीही चला म्हटलं, तर नकारार्थी मान हलवून गाडीतून खाली उतरले. गाडी सुटली तेव्हा मी कमरेची पिशवी घट्ट धरून बसले. बहिणीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, "एकटीच आलीस?" म्हणाली, आणि दोघींना रडू फुटलं. मामांचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

मामा मागच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले. घरच्यांनी ते माझ्यापासून लपवलं. दोन दिवसांनी दूधवाल्याच्या तोंडून कळलं. मी चपला घातल्या, तर मुलगा आडवा आला. "आई, तुला सोसायचं नाही."

"माझ्या माणसासाठी मला रडू दे," मी म्हणाले. "एवढं तरी माझ्याकडून काढून घेऊ नका."

तो बाजूला झाला.

मामांच्या घरी मामी दारातच भेटल्या. "पोरं म्हणली, बाईंचं काळीज नाजूक हाय, कळवू नका. मी म्हणले, ह्यांनला इचारलं असतं तर पयला निरोप बाईंनाच धाडा म्हणले असते."

मी मामींचा हात धरला आणि पोटभर रडले.