चातुर्मासातले सिंह

अण्णाचं पत्र आलं तेव्हा मी ओल्या सोवळ्यात भात वेळत होते, त्यामुळे पत्राला हात लावायची सोय नव्हती. यांना त्या दिवशी सुट्टी होती. यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून ते मला वाचून दाखवलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. नैरोबीला रेल्वेत कारकून होता. त्याने लिहिलं होतं, की इथलं वारं बदलतंय, आपली माणसं एकेक करून परत निघालीत, मीही फार दिवस राहणार नाही. मी आहे तोवर तुम्ही दोघं एकदा या. जाण्यायेण्याचं सगळं मी बघतो. मोटारीतून जंगलात नेतो आणि मोकळे सिंह दाखवतो. 'मोकळे' या शब्दाखाली त्याने रेघ मारली होती. पत्र मराठीत होतं, पण अक्षरं तमिळ, कारण देवनागरी आमच्यात कोणालाच धड येत नसे.

माझ्या स्वयंपाकघराला एक खिडकी होती. तिच्यातून शेजाऱ्यांची भिंत दिसायची. लग्न होऊन तंजावुरात आले त्याला नऊ वर्षं झाली होती आणि त्या भिंतीवरचा प्रत्येक ओघळ मला पाठ होता. पत्र ऐकलं आणि मी त्या भिंतीकडे बघून वेड्यासारखी हसले. पेज पायावर सांडली, तीही मला उशिराच कळली.

आता सासूबाईंचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घरात आम्ही चौघं होतो: हे, मी, सात वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई सोवळ्याच्या. विहिरीपाशी पडून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं आणि ते वाकडंच बसलं, त्यामुळे त्यांना भाताचं पातेलं उचलत नसे. परक्या हातचं त्या खात नसत. मठाच्या स्वामींकडून दंडावर तप्तमुद्रा, म्हणजे तापवलेल्या शंखचक्रांचे ठसे, घेतलेल्या घरच्याच बाईने अंघोळ करून, ओलेत्याने रांधलं तरच त्यांना चाले. अशी बाई म्हणजे मी. ओरत्तनाडूला त्यांची एक नणंद होती, मुद्रा घेतलेली, पण तिच्याशी त्यांचं कधीकाळी बिनसलं होतं. महिन्यातले तीन दिवस मी दूर बसायची, तेव्हा सासूबाई पोहे दह्यात भिजवून खात. बाकी सगळे दिवस माझे. माहेर पापनाशमला, गाडीने तासाभराच्या आत, पण नऊ वर्षांत मी तिथे सलग चार रात्री राहिलेली आठवत नाही.

यांची कचेरी पापनाशमलाच होती. हे रोज माझ्या माहेरच्या गावाला जाऊन येत, आणि मी घरात. याची मी थट्टा करायची, पण ती नुसती थट्टा नव्हती.

पत्राला उत्तर गेलं आणि मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. यांनी कुठूनसा शाळेतला नकाशा आणला आणि तो माजघराच्या भिंतीला लावला. तंजावूर ते मद्रास, मद्रास ते मुंबई, मुंबईहून बोटीने मोंबासा, तिथून पुन्हा आगगाडी. रोज संध्याकाळी कॉफीचा पेला हातात घेऊन हे त्या रेघेवरून बोट फिरवत आणि मी चुलीपाशी बसून मोंबासाला उतरत असे. अण्णाची पत्रं सूचनांनी भरलेली असत. पावसाळ्यात येऊ नका, गवत वाढतं आणि जनावर दिसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात या, सगळं सुकलेलं असतं आणि जनावरं पाण्यावर येतात. टोचून घ्या, त्याचा दाखला जवळ ठेवा. मातकट रंगाचे कपडे आणा, भडक रंगाला जनावरं बुजतात. आणि जंगलात मोटारीतून उतरायचं नाही, काचसुद्धा खाली करायची नाही.

"म्हणजे इथून निघायचं आणि तिथे जाऊन पुन्हा कोंडून घ्यायचं," हे म्हणाले.

"पण काचेतून भिंत तर दिसायची नाही ना?" मी म्हटलं.

मातकट रंगाची साडी तंजावुरात कुठून आणायची? इथे सगळं लाल, पिवळं, मोरपंखी. शेवटी मी दोन पांढऱ्या सुती साड्या घेतल्या आणि आठवडाभराचा कॉफीचा चोथा उकळून त्यात बुडवल्या. एक धड निघाली, दुसरीवर ठिपके आले. हे म्हणाले, हिला बिबट्या आपली बहीण समजेल. तो उन्हाळा मी मनातले मांडे खात काढला. मला वाटतं आयुष्यात इतकी आनंदात मी पुन्हा नव्हते.

आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. समुद्र ओलांडला की मुद्रा गेली. सोवळ्याच्या चुलीला पुन्हा हात लावता येत नाही, असं आमच्यात मानत. लोक या गोष्टीला भीत. मी मात्र रात्री पडल्या पडल्या तिचा जप करायची. दोन महिने सिंह बघायचे, आणि परत आल्यावर जन्मभर ती चूल नाही! ओलेतं नाही, ती खिडकी नाही. सासूबाईंसाठी कोणीतरी दुसरी बाई बघावीच लागेल, त्याला माझा इलाज काय? सिंह मला बघायचे होतेच. पण खरं सांगायचं तर मी निघाले होते ते या सुटकेसाठी.

सासूबाई या सगळ्यात काही बोलत नव्हत्या. आमच्या घरात मोठी माणसं 'नको' म्हणत नसत. ती गप्प राहत, आणि 'नको' धाकट्यांनी स्वतःहून म्हणायचं असे. म्हणून मी त्यांच्या गप्प राहण्याला भीत होते. आणि एका सकाळी त्या बोलल्या. कोणाला न सांगता मठात जाऊन त्या स्वामींना विचारून आल्या होत्या.

"स्वामी सांगितले, जाऊं दे म्हणून," त्या झोपाळ्यावर बसून म्हणाल्या. "येतांच पंचगव्य घ्यावें, मुद्रा पुन्हा घ्यावी, झालें. दुसरे दिवशींच रांधूं शकते ती. सरी ना?" सरी म्हणजे ठीक.

हे इतके खूश झाले, की त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. घोडं गंगेत न्हालं. आळीभर बातमी गेली, की बघा, एवढी सोवळी बाई पण मन केवढं मोठं. बायका माझ्याकडे येऊन म्हणाल्या, नशीब काढलंस गे. मी हसून हो ला हो करत राहिले आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. त्यांनी मला जायला दार उघडून दिलं होतं आणि त्याच हाताने परत यायचं दारही उघडून ठेवलं होतं. ऑक्टोबरात मी पुन्हा त्या भिंतीसमोर उभी असणार होते. याची तक्रार करायची तरी कोणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ.

तरी दोन महिने उरत होते. मी डोळे पुसले आणि म्हटलं, दोन तर दोन.

लेक पापनाशमला माझ्या माहेरी राहणार होती. राहिला प्रश्न सासूबाईंच्या जेवणाचा. ओरत्तनाडूच्या नणंदेचं नाव मी एकदा काढलं, तर त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मी पुढे बोलले नाही. पोहे दह्यात भिजवून राहीन, त्या म्हणाल्या, महिन्याला तीन दिवस राहतेंच कीं. पण अण्णाचा कोरडा मोसम नेमका आमच्या चातुर्मासात येत होता. चातुर्मासाचं व्रत असं, की पहिला महिना भाजी वर्ज्य, दुसरा दही, तिसरा दूध. हे कागद-पेन्सिल घेऊन बसले. बोट निघेल तेव्हा दह्याचा महिना चालू, म्हणजे आईने पोहे दुधात खायचे. आम्ही सिंह बघत असू तेव्हा दुधाचा महिना लागेल, मग दह्यात. "बसलं गणित!" म्हणून यांनी टाळी वाजवली. पोटाला काय बसेल, हे कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

जुलैच्या शेवटी सासूबाई म्हणाल्या, सवय करितें आतांपासून. आणि त्या दिवसापासून त्यांनी भात सोडला. मी घरात असताना, चुलीवर भात शिजत असताना, त्या माजघरात नकाशाखाली पाट मांडून वाकड्या हाताने भिजलेले पोहे खात. मी वाढायला गेले की डावा हात ताटावर धरत.

"तूं नाहींस असें समज," म्हणत.

पाचव्या दिवशी तुळशीपाशी त्यांना घेरी आली. लेकीने मला हाक मारली. मी धावले, त्यांना धरून भिंतीला टेकवून बसवलं. अंग इतकं हलकं लागलं की मी घाबरले. आळीतल्या दोघी आल्या. एक म्हणाली, "पावं गे, सुनेचा हट्ट पुरवायला म्हातारी काय काय करते!" पावं म्हणजे बिचारी. दुसरीने नुसतं दारातून माजघरातल्या नकाशाकडे पाहिलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर अंघोळ केली, ओलेत्याने चूल पेटवली, भात वेळला आणि त्यांच्या पुढ्यात वाढून म्हटलं, "मी जात नाही."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग भातात सारू कालवून जेवायला लागल्या.

हे म्हणाले, पासपोर्ट झालेत, रजा मंजूर आहे, अण्णाला काय कळवायचं? सासूबाई म्हणाल्या, तो तरी जाऊं दे. आणि हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, जा. एकदा तरी त्यांनी 'मग मीही नाही' म्हणायला हवं होतं. मी तसं होऊ दिलं नसतं, पण म्हणायला हवं होतं. मी त्यांची पेटी भरली. मेतकूट, लोणचं, लिंबाची सुकी फोड, टोचल्याचा दाखला. माझ्या कॉफीच्या दोन साड्या फडताळात गेल्या.

सप्टेंबरात यांचं जाडजूड पत्र आलं. माझी त्या दिवशी आवराआवर झाली होती, सासूबाई जेवून झोपाळ्यावर बसल्या होत्या, लेक शाळेत. मी खाली बसून मोठ्याने वाचलं. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय. हत्तींचा कळप, जिराफ, लाल माती. मग सिंह. हे लिहीत होते, की एका झाडाखाली पाच सिंहिणी आडव्या पडल्या होत्या. रात्री शिकार करून पोटभर खाल्लेलं, पोटं नगाऱ्यासारखी, डोळेसुद्धा उघडत नव्हत्या. तरी आम्ही दीड तास काच बोटभर खाली केली नाही. आत घामाने भिजलो, अण्णाला तहानेने कासावीस झालं, पण पाण्याची बाटली मोटारीच्या मागच्या पेटीत होती आणि उतरायची कोणाची छाती झाली नाही. शेवटी तसेच परतलो.

सासूबाई हसल्या. तोंडाला पदर लावून हसत राहिल्या.

"जेवलेल्या सिंहिणीस काय भ्यावें मा?" त्या म्हणाल्या. मग झोपाळा पायाने थांबवून, वाकडं मनगट चोळत, सहज बोलल्या, "मीही जेवलेंच असतें. तूं बोटींत बसलीस असें कळतें तर ओरत्तनाडूस माणूस धाडून नणंदेस बोलावणार होतें. पोह्यांवर दोन महिने कोण राहातें?"

मला आधी नीट कळलंच नाही. पत्र माझ्या मांडीवर होतं. मग कळलं, आणि इतका राग आला, की कानात गरम वाटायला लागलं.

"मग सांगायचं नाही का?" मी म्हटलं. नऊ वर्षांत त्यांच्यापुढे इतक्या मोठ्याने मी पहिल्यांदा बोलत होते.

"मी नको म्हणालें का?" त्यांनी विचारलं. त्यात लबाडी नव्हती. त्या खरंच विचारत होत्या.

मी आठवून पाहिलं. नकाशा, झोपाळा, स्वामी, पोहे, तुळशीपाशी आलेली घेरी. त्या एकदाही नको म्हणाल्या नव्हत्या. नको मी म्हटलं होतं.

"नाही," मी म्हटलं, आणि पत्राचं पुढचं पान वाचायला घेतलं.