पाठ की आठ

"मावशी, खरं सांगा. बेचाळीसच्या बेचाळीस शर्ट एकाच मापाचे कसे आले?"

"अहो सिस्टर, तोंडात टाचण्या आहेत."

"मग काढा."

"काढल्या तर ठेवू कुठं? सगळ्या खाली सांडतील."

"उशी आहे की समोर! भोपळ्याएवढी!"

टाचण्यांची उशी खरंच समोर होती. मावशीनं तिच्याकडं असं बघितलं, जणू ती आत्ताच कुणीतरी आणून ठेवली, आणि पायंडल मारायला सुरुवात केली. मशीन इतक्या जोरात खडखडलं की सिस्टरचा पुढचा प्रश्न त्यातच चिरडून गेला. टाचणमावशीला नको असलेला प्रश्न आला की मशीनला नेमकं काम आठवायचं.

प्रार्थनेच्या हॉलमागं ही खोली. पूर्वी तिथं मोडके बाक आणि उरलेल्या मेणबत्त्या ठेवायचे. एक खिडकी, भिंतीवर क्रूस, आणि कापड बेतायला टेबल म्हणून जुना दरवाजा आडवा टाकलेला. त्याच्या कुलपाच्या भोकात मावशी कात्री अडकवून ठेवायची. पलीकडच्या वस्तीतल्या लेकरांना शिकायला मदत म्हणून चर्चनं जे काम काढलं होतं, त्यातलं कापडाचं खातं म्हणजे ही खोली आणि ही बाई. पुस्तकं, वह्या, फी आणि संध्याकाळची शिकवणी बाकीचे बघायचे. पैसे लांबच्या देशातली कुणी भली माणसं पाठवायची. त्यांना या लेकरांची नावं पाठ होती म्हणे, तोंडं मात्र बघितली नव्हती.

मावशीही याच शाळेची. चौथीपर्यंत. फ्रॉक बगलेत उसवला म्हणून शिपायानं दारातूनच परत पाठवली, तशी ती शिवून घ्यायला कोपऱ्यावरच्या शिंपीदादाकडं गेली. दादा म्हणाला, "बस, हातातलं झालं की देतो." ती बसली ती तीस वर्षं बसली. आधी काजं करायला, मग बटणं लावायला, मग मशीनवर, आणि दादा थकल्यावर चर्चच्या या खोलीत. पुढं लग्न झालं, नवरा आला. मशीनला सवत म्हणून चिडवता चिडवता तो एक दिवस दुसऱ्याच सवतीबरोबर निघून गेला. "बरं झालं," मावशी सांगायची, "तिला तेल घालायला लागत नसेल. हिला घालावं लागतं, पण ही घरी तरी असते."

तिच्या ओठांत कायम सात टाचण्या. सहा नाही, आठ नाही. त्यामुळं ओठ जुळायचे नाहीत आणि ओठांनी म्हणायची अक्षरं वाटेतच गळून जायची. बाहीला ती 'आही' म्हणायची, बटणाला 'अटण'. फादरला 'आदर' म्हणायची. फादर म्हातारे होते, त्यांना ते फार आवडायचं. या बाईइतकं कुणी मान देत नाही असं ते सगळ्यांना सांगायचे.

तर या वर्षी नव्या सिस्टर आल्या. तरुण, चटपटीत, फाइलींना रंगीत चिठ्ठ्या लावणाऱ्या. त्यांनी ऐकलं की ही बाई दोन महिने आधीपासून शिवत बसते आणि शाळेच्या आदल्या दिवशीही काज करत असते. त्यांना दया आली. त्यांनी रजिस्टरमधली वयं, नोंदीनंतरची दोन वर्षं मिळवून, शिकवणीच्या माणसाकडून उतरवून घेतली आणि तो कागद न वाचताच कारखान्याला धाडून परस्पर तयार कपडे सांगून टाकले. आज गुरुवार. सोमवारी शाळा. गठ्ठा फुटला आणि आतून शर्टांवर शर्ट निघाले, सगळे दहा वर्षांच्या मापाचे.

"शिडीला बोलवा," सिस्टर म्हणाल्या. "आणि त्या शेंगदाण्यालाही."

दोघंही खिडकीतून बघतच होते. शिडी म्हणजे वस्तीतली लांबलचक पोरगी. दोन वर्षांत तिच्या स्कर्टची दुमड मावशीनं तीनदा सोडली होती. सोडलेल्या शिवणीच्या तीन रेघा तिच्या गुडघ्यावर स्पष्ट दिसायच्या. पोरगी उलट बोलायला एक नंबर, पण कुठल्या तुकड्यात काय बसेल ते कात्री उचलायच्या आत सांगायची, म्हणून मावशीला ती लागायची. शेंगदाणा म्हणजे शेंगदाणाच.

शर्ट घातल्यावर शेंगदाणा दिसेनासा झाला. बाह्यांतून हात येईनात, कॉलरमधून नुसते केस. शिडीच्या बाह्या कोपरावर थांबल्या आणि दोन बटणांनी लावून घ्यायला नकार दिला.

"मावशी, ही दोघं एका मापाची?" सिस्टरनी विचारलं.

"खाण्याखाण्यात अंतर असतं," मावशी टाचण्यांच्या फटीतून म्हणाली.

"मी तर जास्त खातो!" शर्टाच्या आतून आवाज आला.

"गप रे," शिडी म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता. कारण तिला ठाऊक होतं आणि मावशीलाही ठाऊक होतं की गोष्ट रजिस्टरपर्यंत गेली तर काय होईल. मदतीच्या यादीत नाव घालायचं तर मूल नऊ वर्षांच्या आतलं हवं, असा नियम. दोन वर्षांपूर्वी नाव घातलं तेव्हा शिडी अकराची होती. नाव गेलं की फी गेली. आणि धुलाईच्या कारखान्यात कामाला असलेली तिची काकू कधीची टपून बसली होती: मोठ्या चादरींच्या घड्या घालायला उंच पोरगी हवीच असते.

झालं होतं ते असं. नावनोंदणीच्या दिवशी लेकरांच्या आया कामावर. दोन रांगांची कटकट नको म्हणून एकच रांग केली. एका बाजूला पेटीवाले काका रजिस्टर घेऊन बसले. प्रार्थनेला पेटी ते वाजवायचे आणि घंटाही तेच, त्यामुळं त्यांचा एक कान घंटेला वाहिलेला. दुसऱ्या बाजूला मावशी टेप घेऊन उभी. मूल दोघांच्या मधे. शिंपीदादाकडं एक खोड लागली होती मावशीला: माप घेण्याआधी अवयवाचं नाव मोठ्यांदा घ्यायचं. तिथं लिहून घ्यायला पोऱ्या असायचा. इथं पोऱ्या नव्हता, आकडे ती स्वतःच खडूनं दरवाज्यावर लिहायची, पण खोड राहिली. सुरुवात नेहमी पाठीपासून. काका मुलाला विचारायचे, "वय?" मूल बुजून जीभ गिळायचं. आणि त्याच वेळी मावशी टेप लावून ओरडायची, "पाठ!"

टाचण्यांमधून काय बाहेर पडायचं ते पडायचं. काकांनी बेचाळीस वेळा 'आठ' लिहिलं.

हे मावशीला दुसऱ्या दिवशी कळलं, रजिस्टर दारात वाळत असताना. काकांनी त्यावर पाणी सांडलं होतं. वयाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत आठच आठ, मुंग्यांची ओळ असावी तसे. ती हसली. काकांना सांगायला निघालीच होती. मग तिची नजर शिडीच्या नावावर गेली आणि ती तशीच मागं फिरली. त्यानंतर दोन वर्षं ती दर महिन्याला फादरच्या जाळीशी बसून पापं सांगत आली: शेजारणीबद्दल वाईट बोलले, चर्चचा पांढरा दोरा घरी नेला, नवऱ्याच्या नव्या बायकोला पडसं व्हावं असं मनात आलं. हे एक मात्र राहून जायचं. काका तर पुढं लेकीकडं राहायला गेले.

"मग आता एकच," सिस्टर म्हणाल्या आणि कागद ओढून उभ्याउभ्याच लिहायला लागल्या. "ऐका. 'आपल्याकडील गठ्ठे बांधणाऱ्या कामगाराच्या निष्काळजीपणामुळे...' बरोबर आहे ना?"

मशीन थांबलं.

"'...आमच्या बेचाळीस मुलांचं नुकसान झालं आहे. तरी संबंधित कामगारावर...'"

शिडीनं खिडकीच्या गजाला धरलं. बोलली तर स्वतः जाणार, नाही बोलली तर कुठला तरी गठ्ठेवाला. तिनं तोंड उघडलं.

"तू राहू दे," मावशी म्हणाली. "तुला कुणी काय विचारलं?"

आणि तिनं टाचण्या काढायला सुरुवात केली. एक काढली, उशीत खोचली. दुसरी काढली, खोचली. शेंगदाण्यानं कॉलरमधून डोकं वर काढलं.

"शिडे, मावशीला बरं नाही का?"

सातवी टाचणी खोचल्यावर मावशीनं ओठ एकमेकांवर घासले. कधी नव्हे ते मोकळे झाले होते, ते कसे वापरायचे हे जणू आठवावं लागत होतं.

"त्या माणसाचं नाव काढा कागदातून," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'म' इतका ठणठणीत आला की ती स्वतःच दचकली. "त्यानं तुम्ही सांगितलं तेच बांधलं. तुम्ही रजिस्टरात होतं ते सांगितलं. आणि रजिस्टरात माझी पाठ आहे."

"तुमची पाठ?"

मग सगळं बाहेर आलं. रांग, काकांचा कान, टेप, मुंग्यांची ओळ. सिस्टर ऐकता ऐकता बाकावर टेकल्या.

"टाचण्या घ्या तोंडात," त्या म्हणाल्या.

"आत्ताच तर काढल्या!"

"घ्या म्हणते ना. हं. आता म्हणा, पाठ."

"आठ."

"परत."

"आठ."

"मी सात वर्षांचा आहे!" शेंगदाणा ओरडला. "तेव्हा पाच होतो! मला कुणी विचारतच नाही!"

सिस्टरना हसू आवरेना. शिस्तीच्या बाई असल्यानं त्यांनी तोंड फाइलीआड नेलं, पण फाइल हलत होती. ती थांबली तेव्हा त्या पुन्हा सरळ बसल्या होत्या.

"काकांच्या कानाचं समजलं. पण नंतरची दोन वर्षं?"

"ती माझी," मावशी टाचण्या पुन्हा हातात घेऊन म्हणाली. "ही अकराची होती. सांगितलं असतं तर हिचं नाव गेलं असतं. दुसरं काही नाही. आता काय करायचं ते करा, पण सोमवारी करा. गुरुवारी माझ्याकडं काम आहे."

"मी खोटी नोंद पुढं पाठवणार नाही, मावशी."

"पाठवू नका."

"मदतीच्या ऑफिसला खरं कळवावं लागेल."

शिडी तोकडा शर्ट काढायला लागली, घडी घालून परत द्यायचा म्हणून. घडी अगदी चौकोनी घातली. काकूनं बघितली असती तर लगेच कामावर घेतली असती.

सिस्टरनी तेवढ्यात नियमांची वही उघडली होती आणि बोट फिरवत होत्या. बोट एका जागी थांबलं. "नाव कमी करण्याची कारणं. एक, मुलानं शाळा सोडली. दोन, गाव सोडलं. तीन, देवाघरी गेलं." त्यांनी शिडीकडं बघितलं. "यातलं काय केलंस तू?"

"काहीच नाही."

"मग काय केलंस?"

"नुसती वाढले."

"वाढण्याबद्दल इथं काही लिहिलेलं नाही." सिस्टरनी पान उलटून मागंही बघितलं. "नियम नाव घालण्याचा होता. ते चुकलं, तसं मी कळवणार. पण घातलेलं नाव वाढल्याबद्दल काढता येत नाही."

"आणि ते म्हणाले, मुळातच चुकीचं घातलं होतं, तर?" मावशीनं विचारलं.

"तर मी म्हणेन, या आणि तिच्या तोंडावर सांगा. येताना स्टूल आणा, म्हणजे तोंडापर्यंत पोचाल." सिस्टरनी पहिला कागद फाडला आणि दुसरा घेतला. "तिथून काय उत्तर यायचं ते येवो. तोवर ती शाळेत जाईल. दारातला शिपाई वय विचारत नाही, गणवेश बघतो. तुम्हाला माहीतच आहे."

मावशीला ते चांगलंच माहीत होतं.

"आणि मावशी, हे फादरना सांगायचं. टाचण्या काढून."

"सांगते की. त्यांना वाटेल, आज आदर कुठं गेला."

मग ती उठली. गठ्ठा दरवाज्यावर उपडा केला, तीन ढीग लावले: ज्यांना नेमका बसेल ते, ज्यांना मोठा होईल ते, ज्यांना पुरणार नाही ते. शेंगदाण्याच्या ढिगातून जे कापून निघेल ते शिडीच्या ढिगाला जोडायचं. बाहीला पट्टा, खाली पट्टा, रंग तोच. शिडीनं ढिगांकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "चार कॉलरी उरतील."

"उरू दे. तुझ्या पुढच्या वर्षाला लागतील," मावशी म्हणाली. "सिस्टर, पेन्सिल आहे का हातात? मग बसा इथं. मला इथं कधी पोऱ्या मिळाला नाही, आज मिळाला."

सिस्टर निमूट बसल्या. मावशीनं सात टाचण्या ओठांत घेतल्या, गळ्यातला टेप काढला आणि शिडीला फिरवून उभी केली.

"आठ!"

"पाठ," सिस्टरनी लिहिलं. "किती?"

"तेरा," शिडी म्हणाली.

"तुझं वय नाही विचारलं."

"साडेचौदा," मावशीनं सांगितलं. "ए, हात खाली. ताठ राहा. आता खांदा."