करंट कुठे मुरतोय

आखातातल्या सहम बंदरात आमच्या अर्बाबची, म्हणजे मालकाची, मासेमारीची बोट एका आठवड्यात तीनदा समुद्रात बंद पडली. तिसऱ्या वेळी दुसऱ्या बोटीने दोर बांधून ती ओढत आणली. अर्बाब उतरला तोच तणतणत. त्याच्या बोटींची इंजिनं आणि वायरिंग आम्ही दोघं बघायचो. मी मुंबईचा, आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. माझा जोडीदार रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा मुसलमान, माझ्या पाच वर्षं आधी इथे आलेला. या बोटीत इग्निशनची नवी वायर त्याने ओढली होती. त्यामुळे चूक कुणाची, हे मी हातात मीटर घेण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

अर्बाबने मला बाजूला घेतलं. "वो ठीक काम करता है?"

मी खांदे उडवले. "मेरे को भरोसा नहीं है, अर्बाब."

"गुरुवार तक देखो. तुम बोलेगा उसका गलती है, तो वो खलास. घर भेजेगा."

जोडीदाराला तीन मुली, तिघी शाळेत. हे मला ठाऊक होतं आणि तरीही मी बोललो. तेव्हा तर आपण फार जबाबदारीने वागलो असंच वाटलं.

बिघाड मोठा चकवणारा होता. किल्ली फिरवली की कधी इंजिन लगेच चालू व्हायचं, कधी नुसतं टक्क करून गप्प. चालता चालता दिवे मंद व्हायचे, इंजिन अडखळायचं आणि मान टाकायचं. बॅटरी कोरी करकरीत. मीटर लावला तर साडेबारा व्होल्ट, किल्लीपाशीही साडेबारा. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं आणि मुरवणारा कोण, हे मला माहीत होतं.

त्याचे जोड मी एकेक करून उघडले. एकही सैल निघाला नाही. याने माझं समाधान व्हायला हवं होतं, पण संशय आणखीच वाढला. इतकं नीटनेटकं काम माणूस कधी करतो? काहीतरी लपवायचं असेल तेव्हाच. मग मी बॅटरीच्या पेटीचं झाकण आणि पेटी यांवर पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके दिले, एकमेकांना जुळणारे. मंगळवारी सकाळी ते जुळेनात, म्हणजे रात्रीत कुणीतरी पेटी उघडली होती.

त्याच दुपारी मी लपून बसलो. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस मी, जाळ्यांच्या ढिगाआड उकिडवा. जोडीदार मशिदीतून थेट बोटीकडे आला, इकडेतिकडे बघून पेटी उघडली आणि फडक्याने आत काहीतरी करू लागला. मी पुढे झालो तसं त्याने झाकण लावलं.

"काय चाललंय?"

"काय नाय. धूळ बसली होती."

बंद पेटीत धूळ! माझं डोकंच फिरलं. हा मुद्दाम बोट बंद पाडतोय, म्हणजे पुढच्या वेळी अर्बाब माझ्यावर घसरेल, असं मी मनातल्या मनात पक्कं करून टाकलं.

गुरुवारी सकाळी त्याला रंगेहाथ पकडायचं ठरवून मी त्यालाच किल्लीपाशी बसवलं. तो किल्ली मारायचा आणि स्टार्टरवर भार आला की मी त्या क्षणी प्रत्येक वायरच्या दोन टोकांमध्ये मीटर धरायचो. वायर चांगली असेल तर काटा हलत नाही. त्याची वायर चांगली होती. फ्यूज चांगला. स्विच चांगला. सगळं संपलं. उरला बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि त्यावर आवळलेला क्लॅम्प. तो मी स्वतः बसवला होता, म्हणून तिथे बघायचं काही कारणच नव्हतं. चिडून मीटरचं एक टोक खांबावर ठेवलं, दुसरं क्लॅम्पवर.

"मार किल्ली."

तीन व्होल्ट. बोटभर अंतरात तीन व्होल्ट गडप होत होते.

क्लॅम्प सोडवला. आत हिरवट पांढरा थर आणि त्याखाली वाळलेलं लाल-पिवळं काहीतरी. हळदकुंकू. बॅटरी दसऱ्याला आली होती. नवी वस्तू पूजेशिवाय कशी जोडायची? मी दोन्ही खांबांना ओलं हळदकुंकू लावलं, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलं आणि न पुसता त्यावरच क्लॅम्प आवळले. घरी स्कूटरला दरवर्षी हेच करायचो. पण स्कूटरच्या हँडलमधून करंट जात नाही, एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या इलेक्ट्रिशियनला सुचली नाही.

जोडीदार खाली वाकून बघत होता. "वरचा थर मी दोनदा पुसलाय," तो म्हणाला. "क्लॅम्प सोडवला नाय. तुझी पूजा हाय. मी हात लावला तर तुला काय वाटंल, म्हणून."

"मग सांगायचं ना!"

"सांगून तू ऐकला असतास?"

मी तिथेच अर्बाबला फोन लावला. हात काळे झालेले, म्हणून स्पीकरवर. सांगितलं, गलती मेरा है, बॅटरी मैंने लगाया था, इसका कुछ गलती नहीं.

"पक्का?" पलीकडून अर्बाबचा खणखणीत आवाज आला. "तुम तो बोला था, उस पे भरोसा नहीं है."

"मैं गलत बोला, अर्बाब."

"ठीक है. वो रहेगा. यल्ला, बोट तैयार करो."

फोन बंद झाला. जोडीदार पॉलिश पेपरने खांब घासत होता. त्याने मान वर केली नाही. मला माफी मागायची होती. "अरे, ते मी अर्बाबला..." एवढंच जमलं.

"माला म्हायती हाय," तो म्हणाला. "आठ दिस झाले, तू माज्या हातची चाय पीत नायस."

मला सांगायचं होतं की संशय त्याच्या कामावर होता, तो कोण आहे यावर नव्हता. सांगितलं नाही. ते खरं आहे का, याची मला खात्री नव्हती.