वन्सं म्हणाल्या, "काही नाही"

आमच्या वन्संच्या घरी ताटं पालथी, वाट्या पालथ्या, झाकणंसुद्धा पालथी. त्यांचा उभा जन्म हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू वाढवण्यात गेला. तिथे ज्या बश्यांमध्ये जंतू वाढवतात त्या पालथ्या ठेवतात, म्हणजे झाकणावर जमलेलं पाणी आत ठिबकत नाही. ती सवय घरी आली आणि ठाण मांडून बसली. लग्न केलं नाही, त्यामुळे ताटं सुलटी करायला दुसरं कुणी नव्हतं.

नवऱ्याची बहीण म्हणजे भावजयीच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला जन्मलेली, असं ऐकून मी या घरात आले होते. वन्संनी मिऱ्या काही वाटल्या नाहीत, माझी फुलदाणी मात्र कधी सोडली नाही. आल्या की आतून बोट फिरवायच्या.

"वहिनी, पाणी बदलता हो रोज, पण ही कडा बघा, कशी बुळबुळीत आहे. पाण्यात दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं."

"फुलं तक्रार करत नाहीत वन्सं, तुम्ही कशाला करता?" मी म्हणायची.

तक्रार करायला आमच्याकडे एक माणूस होतंच. आमचे हे. पाट्या रंगवायचा यांचा धंदा. शिडीवर चढले की गुणगुणणार, खाली उतरले की रडतराऊ. चहा गार, उशी उंच, ब्रशचे केस गळतात, खांद्यात कळ येते. काही ना काही चालूच. पण वडील गेल्यावर धाकट्या बहिणीला शिकवलं ते यांनीच. तिच्या लॅबच्या दारावरची पाटीही यांनीच रंगवली आणि वर म्हणाले, "डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी एवढी मोठी अक्षरं काढणारा मी पहिलाच." वन्सं ती पाटी जाता-येता पदराने पुसायच्या.

लॅबमधले लोक त्यांना 'नाक' म्हणत. बशीचं झाकण जरासं उचललं की नुसत्या वासावरून जंतू कोणता ते सांगायच्या. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांना शोभायचाही, हे मी भावजय असून कबूल करते.

शिडी चढून-उतरून यांचा उजवा गुडघा झिजला, तेव्हा धातूचा बसवला. वर्षभर छान चाललं. मग कुरकुर सुरू झाली. गुडघा गरम लागतो, आतून ठणकतो. मध्येच ताप यायचा, मध्येच जायचा. सर्जननी सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढलं आणि तपासायला लॅबमध्ये पाठवलं. भावाचा नमुना. वन्संनी तो दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवला. बशी कोरीच राहिली. पुन्हा पाणी काढलं, पुन्हा कोरी.

सर्जन म्हणाले, "पाणी स्वच्छ आहे, पण माझं समाधान होत नाही. उघडून बघू या का?"

उघडायचं म्हणताच यांच्या तोंडचं पाणी पळालं. सल्ला विचारायला माणूस घरचंच होतं.

"दादा, काही नाही," वन्सं म्हणाल्या. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. उगीच कापून घेऊ नकोस."

"अगं पण दुखतंय."

"तुझं काय दुखत नाही? लहानपणी मोजा घट्ट झाला तरी ताप आला म्हणायचास."

आम्ही हसलो. हेसुद्धा हसले. बहिणीच्या शब्दावर भरवसा ठेवला आणि सर्जनकडे जायचं सोडून दिलं. कित्येक महिने तसेच शिडीवर चढत राहिले. मग उंचावरची कामं घेईनासे झाले. कुरकुर चालूच होती, पण ती तर लग्नापासून चालू होती, तिच्याकडे कोण लक्ष देणार?

एके दिवशी टाक्यांची जुनी खूण फुटली आणि पू आला. तातडीने ऑपरेशन झालं. बसवलेला गुडघा काढावा लागला, आणि आतलं हाड इतकं खराब झालं होतं की नवा बसेना. पाय सरळ ठेवून हाडं एकमेकांना जुळवली. हे वाचले, पण तो पाय आता वाकत नाही. शिडी संपली.

काढलेला धातूचा गुडघा डब्यातून लॅबमध्ये गेला. तिथे नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तो पाण्यात ठेवून यंत्राने थरथरवला आणि ते पाणी बशीत घातलं. दुसऱ्या दिवशी बशी गच्च भरली. वन्संनी झाकण उचललं, तर पिकलेल्या द्राक्षांसारखा गोड वास आला. जंतू त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

डॉक्टरीणबाईंनी समजावलेलं सगळं वन्संनी मला आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. त्या जंतूच्या पोटात एक बारीकसं रसायन असतं. कसं वागायचं याचा निरोप त्याला त्यातून आतल्या आत मिळतो. ते कमी असलं की जंतू शेपटी फिरवत पोहत हिंडतो. ते साचलं की शेपटी थांबते, चिकट रस सुटतो आणि तो भिंत धरून बसतो. मग एकावर एक थर चढतात, त्यात औषधाचाही फारसा शिरकाव होत नाही. रसायन पुन्हा उतरलं की त्यातले काही सुटतात आणि भटकायला निघतात. यांना मध्येच ताप यायचा तो बहुधा तेव्हा. सुईत येतं ते नुसतं पाणी. बसलेले जंतू धातूला धरून बसलेलेच.

"म्हणजे तुमची चूक नव्हती," मी म्हटलं.

"बशी कोरी आली ती माझी चूक नाही, वहिनी. बशीत काही उगवलं नाही, एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, काही नाही." त्यांनी खिडकीतल्या फुलदाणीकडे पाहिलं. "फुलदाणीवरून तुम्हाला किती बोलले मी. आणि दादा दुखतंय म्हणून सांगत होता, तर त्याला हसले."

मला त्यांचा राग यायला हवा होता. ऑपरेशनच्या दिवशी आला होताही, चांगला सणसणीत. पण हे सांगताना ओट्याशी बसलेल्या वन्सं इतक्या लहान दिसल्या की तो टिकेना. मी चहा ठेवला.

आता त्या निवृत्त झाल्यात. दर आठवड्याला येतात. हे स्टुलावर पाय पसरून दारांवर लावायच्या नावाच्या छोट्या पाट्या रंगवतात. यांनी बहिणीला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याहून वाईट केलं. तिच्यासमोर तक्रार करायचंच सोडून दिलं. चहा गार झालेला असला तरी मुकाट पितात.

गेल्या खेपेला पाय उचलून ठेवताना यांनी ओठ आवळले, ते वन्संनी पाहिलं.

"दादा, दुखतंय का?"

"काही नाही गं."

"खरं सांग ना. जरा कुरकुर कर माझ्यापाशी."

"म्हातारपणी सुधारलो म्हण," हे म्हणाले आणि ब्रश रंगात बुडवला.

खरं तर हे रात्र-रात्र कण्हत असतात. तिला सांगू नकोस, अशी मला ताकीद आहे.

वन्सं माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. "वहिनी, झोप तरी नीट लागते ना त्याला?"

"लागते," मी म्हटलं.

त्यांनी खिडकीतली फुलदाणी उचलली, आतून बोट फिरवलं आणि नळाखाली धरून घासायला लागल्या. ती मी सकाळीच घासून ठेवली होती.