दारातला निरोप

आपल्या बायकांना चटकन निघता येत नाही. "चल, निघते गं" हे आम्ही सोफ्यावर एकदा म्हणतो, बूट घालताना एकदा, आणि दार उघडल्यावर निदान चारदा. खऱ्या गप्पा तिथेच सुरू होतात. लंडनमध्ये एजवेअरला माझ्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हेच झालं. फरक एवढाच, की त्या दिवशी घरात ग्रेहाऊंड होती.

शर्यतीतून निवृत्त झालेली, तीन वर्षांची काळी कुत्री. कायमचं घर मिळेपर्यंत अशा कुत्र्यांना ठेवून घ्यायचं, जिना, काच, व्हॅक्यूम क्लीनर यांची सवय लावायची, हे काम मी एका संस्थेसाठी दुसऱ्यांदा करत होते. ही पाच आठवडे माझ्याकडे होती आणि सोमवारी केंटमधलं एक जोडपं तिला न्यायला येणार होतं. संस्थेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की हिला काही हलताना दिसलं की ही सुटते, आणि एकदा सुटली की हाक, रस्ता, गाडी काही कळत नाही. म्हणून तिला किचनमध्ये ठेवायचं, आणि पुढचं दार आणि किचनच्या तोंडाशी लावलेलं बेबी गेट एका वेळी कधीही उघडं ठेवायचं नाही. हा नियम मी येणाऱ्या प्रत्येकीला ऐकवला होता, जरा जास्तच तोऱ्यात.

दुपारचे साडेतीन. सहा जणी दारात, दार सताड उघडं, विषय कुणाच्या तरी लॉफ्ट कन्व्हर्जनचा, माळ्यावर खोली काढण्याचा. तेवढ्यात माझी जुनी मैत्रीण म्हणाली, "अगं, मला कुंकू लावलंच नाहीस!"

आता तिला तशीच कशी पाठवायची? मी धावत किचनमध्ये गेले. एका हातात करंडा, दुसऱ्या हातात तिचं वाण. दोन्ही हात भरलेले, म्हणून गेट कमरेने ढकललं आणि तसंच सोडून आले. तिच्या कपाळाला बोट लावणार, इतक्यात साड्यांच्या मधून काहीतरी काळं निघून गेलं. समोरच्या कुंपणावर खार होती.

सगळ्या एकदम किंचाळल्या आणि निऱ्या वर धरून कुत्रीच्या मागे धावल्या. "पळू नका! कुणी पळू नका!" मी ओरडले. मग मैत्रिणीकडे वळून, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलले, "तुझ्या त्या कुंकवापायी गेली ती!"

संस्थेच्या बाई फोनवर शांत होत्या. "डोन्ट चेस हर. डोन्ट कॉल हर." दिसली की खाली बसायचं, तिच्याकडे पाठ करायची आणि वाट बघायची, बस.

आमच्या रस्त्याच्या एका टोकाला मैदान आहे आणि मैदानाच्या पलीकडे भरधाव गाड्यांचा ड्युअल कॅरेजवे. जानेवारीतला दिवस, तासाभरात अंधार पडणार होता आणि कुत्री काळी. मैत्रीण म्हणाली, "मी रोडच्या साइडला जाऊन उभी राहते. तू मैदानात बघ. जा!" कोटही न घालता ती निघाली.

कुत्री गोलपोस्टपाशी सापडली. जीभ बाहेर, पुढचा एक पाय उचललेला. मी एक पाऊल पुढे टाकलं की ती दोन पावलं मागे, आणि तिच्या मागे थेट तो रस्ता. मी चिखलात बसले, पैठणीसकट, आणि तिच्याकडे पाठ केली. त्याहून अवघड काम मी आजवर केलेलं नाही. मागे गाड्यांचा आवाज चालू होता. एक हॉर्न वाजला, लांबलचक. मी वळले नाही. ती मेली, असं मनात आलं, तरी वळले नाही.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग मानेवर ऊन श्वास लागला आणि तिने सगळा भार माझ्या पाठीवर टाकला. मी हात हळूच मागे नेला, कॉलरमध्ये बोटं अडकवली आणि भोकाड पसरलं.

मैत्रीण अजून रस्त्याच्या कडेला उभी होती. तो हॉर्न तिच्यासाठीच होता. गाड्या हळू जाव्यात म्हणून ती हात हलवत होती. मी सॉरी म्हणाले. "घरी चल, मी फ्रीझ झालेय," एवढंच म्हणाली. संस्थेच्या बाईंना मी खरं ते सांगितलं, की गेट मीच उघडं टाकलं. त्यांनी ते त्या जोडप्याला कळवलं. तरीही ते आले.

सोमवारी तिच्या पंजाला बँडेज होतं. नव्या मालकिणीने पट्टा धरला, गाडीचं दार उघडलं, पण ती चढेना. माझ्याकडे बघत फूटपाथवर उभी. "आत ये, बघू नकोस," माझा नवरा मागून म्हणाला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, मला ते बघवत नव्हतंच. पण पाठ फिरवली असती, तर ती आली असती. म्हणून मी तिच्याकडे तोंड करून उभी राहिले, ती मान खाली घालून गाडीत चढेपर्यंत.